गाळातला श्वास

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं आणि खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला, की महामार्गाच्या दोन्ही अंगांना हॉटेलं, गोदामं, कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड लागतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून भाताची खाचरं दिसत राहतात. भोर तालुक्यातलं वरवे बुद्रुक हे याच पट्ट्यातलं, नसरापूरच्या जवळचं गाव. जुलै संपता संपता इथली लावणी उरकलेली असते. पाऊस जरा उघडला असेल तर गाडी बाजूला लावावी, एखाद्या बांधावर उकिडवं बसावं आणि खाचराच्या ज्या कोपऱ्यात पाणी हलत नाही तिथं नीट पाहावं. पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो. पहिला संशय ट्रॅक्टरवर जातो. चिखलणी करताना डिझेल सांडलं असणार.

एक काडी घ्या आणि त्या तवंगात फिरवा. डिझेल असेल तर ते काडीभोवती वळतं आणि काडी काढली की पुन्हा जुळून येतं. हा तवंग मात्र भाजलेल्या पापडासारखा तडकतो. त्याचे कोनेदार तुकडे होतात आणि ते एकमेकांपासून लांब तरंगत जातात. हे तेल नव्हेच, हे लोह आहे. खालच्या चिखलातून विरघळून वर आलं, हवेला भेटलं आणि गंजलं. शेजारीच बांधाच्या कडेला नारिंगी, पिंजलेल्या कापसासारखा गाळ साठलेला असेल, तोही त्याच लोहाचा.

आता कोडं असं, की हे लोह विरघळलं कसं? सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात लोह मुबलक आहे आणि त्याची झीज होऊन बनलेल्या मातीतही आहे. पण तिथं ते गंजाच्या रूपात असतं आणि गंज साध्या पाण्यात विरघळत नाही. गंजलेली लोखंडी बादली वर्षभर हौदात बुडवून ठेवली तरी तिचा गंज पाण्यात मिसळून नाहीसा होत नाही. खाचरात मात्र लावणीनंतर काही दिवसांतच मातीतला तांबूसपणा जातो. वरचा बोटभर जाडीचा थर तपकिरी राहतो, त्याखाली निळसर करडा चिखल लागतो. कोणीतरी तिथला गंज विरघळवला आहे. हे ज्यांनी केलं ते जिवाणू आहेत आणि त्यांनी हे श्वास घेण्यासाठी केलं.

हे वाक्य अलंकारिक नाही, म्हणून इथं थोडं थांबतो. आपण भाकरी खातो तेव्हा शरीर तिच्यातल्या साखरेचे तुकडे करतं आणि प्रत्येक टप्प्यावर त्या साखरेतले इलेक्ट्रॉन काढून घेतं. ग्लुकोजच्या एका रेणूतून असे २४ इलेक्ट्रॉन निघतात. ते आपल्या पेशींमधल्या प्रथिनांच्या साखळीतून हातोहात पुढे जातात, उंचावरून पाणी पायऱ्या उतरत यावं तसे, आणि त्या उतारातून आपल्याला ऊर्जा मिळते. पण शेवटच्या पायरीवर ते कोणीतरी उचलून न्यावे लागतात, नाहीतर मागची सगळी रांग तुंबते. हे उचलण्याचं काम ऑक्सिजन करतो. आपण दर श्वासाला हवा आत ओढतो ती याच कामासाठी. रसायनाच्या भाषेत श्वास म्हणजे इलेक्ट्रॉनला शेवटी ठेवायला जागा.

खाचरात पाणी भरलं की हवेचा रस्ता बंद होतो. मातीत उरलासुरला ऑक्सिजन जिवाणू फार लवकर संपवतात. मग ज्यांना जमतं ते नायट्रेटवर इलेक्ट्रॉन ठेवतात. ते संपलं की मँगनीजवर, मग लोहाच्या गंजावर, त्यानंतर सल्फेटवर, आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो तो या सल्फेटच्या पाळीत. अगदी शेवटी पाळी येते कार्बन डायऑक्साइडची, आणि त्यातून मिथेन बनतो. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीपेक्षा कमी ऊर्जा मिळते, म्हणून हा क्रम सहसा चुकत नाही. गंजाला इलेक्ट्रॉन मिळाला की तो पाण्यात विरघळणारं लोह होतो. बांधाच्या कडेचा तवंग आणि नारिंगी गाळ ही त्या श्वासाची बाहेरून दिसणारी खूण आहे.

आणखी एक खूण भाताचं रोप उपटलं की हातात येते. मुळांवर तांबडा लेप असतो. भाताच्या खोडातून मुळापर्यंत हवेच्या पोकळ नळ्या गेलेल्या असतात आणि त्यांतून थोडा ऑक्सिजन मुळाबाहेर पाझरतो. तिथं विरघळलेलं लोह पुन्हा गंजतं आणि मुळाला चिकटतं. एकाच चिखलात, मुळापासून काही मिलिमीटर अंतरात, गंज विरघळतोय आणि परत बनतोय.

आता खरी अडचण पाहा. ऑक्सिजन वायू आहे, पेशीच्या आत शिरतो. नायट्रेट विरघळतं, तेही आत येतं. गंजाचा कण मात्र घन आहे, तो जिवाणूच्या पोटात जाऊ शकत नाही. म्हणजे या जिवाणूला आपले इलेक्ट्रॉन स्वतःच्या कातडीबाहेर नेऊन ठेवावे लागतात. असं करणारा जिवाणू १९८७ साली अमेरिकेतल्या डेरेक लवली यांनी वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळातून वेगळा केला. पुढे त्याला जिओबॅक्टर हे नाव मिळालं. १९८८ साली केनेथ नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा सरोवरातून शेवानेला हा दुसरा जिवाणू शोधला, तो मँगनीजवर श्वास घेत होता. या दोन जिवाणूंच्या कुळातली किंवा त्याच कामाची मंडळी जगभरच्या भाताच्या चिखलात असतात.

घन पदार्थावर इलेक्ट्रॉन ठेवू शकणाऱ्या जिवाणूला गंजाऐवजी कोळशाचा तुकडा दिला तर? तो त्यावरही ठेवतो. त्या तुकड्याला तार जोडून तारेचं दुसरं टोक वर हवेशीर पाण्यातल्या दुसऱ्या कोळशाच्या तुकड्याला जोडलं, तर खालचे इलेक्ट्रॉन तारेतून वर जातात आणि तिथल्या ऑक्सिजनला मिळतात. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच वीज. खालचा तुकडा ॲनोड, वरचा कॅथोड, आणि या सगळ्या मांडणीचं नाव सूक्ष्मजीव इंधनघट. ‘वीज बनवणारे जिवाणू’ असं वर्तमानपत्रांत छापून येतं तेव्हा मला नेहमी थोडं खटकतं. जिवाणू वीज बनवायला बसलेले नाहीत. हवा नसलेल्या ठिकाणी ते श्वास घेताहेत आणि आपण त्यांच्या श्वासाच्या वाटेत एक तार धरली आहे. हा फरक लक्षात ठेवला की या तंत्राकडून काय मागावं आणि काय मागू नये हे बरंचसं आपोआप कळतं.

तार धरण्याची कल्पना जिओबॅक्टरच्या शोधाहून बरीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मायकल पॉटर यांनी १९११ साली साखरेच्या पाण्यात यीस्ट सोडून त्यात प्लॅटिनम बुडवलं आणि शेजारच्या यीस्ट नसलेल्या पाण्याशी तुलना केली. त्यांना अर्ध्या व्होल्टच्या आत-बाहेर दाब मिळाला. अन्न कुजताना वीज निघते, हे त्यांनी नोंदवलं. १९३१ साली अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी असे अनेक घट एकामागे एक जोडून ३५ व्होल्टच्या वर दाब मिळवला, पण प्रवाह जेमतेम २ मिलिॲम्पिअर. गुणाकार केला तर एका वॅटचा चौदावा भाग. पुढची कित्येक दशकं संशोधक जिवाणूंना मदत म्हणून पाण्यात रंगद्रव्यं घालत राहिले. ती पेशीत शिरायची, इलेक्ट्रॉन उचलायची आणि बाहेर आणून सोडायची. ही रसायनं महाग होती आणि काही विषारीही. १९९९ साली कोरियात ब्युंग हाँग किम यांच्या गटानं शेवानेला वापरून दाखवलं की अशा हमालाची गरजच नाही. शेवानेला स्वतःच फ्लेविन नावाची द्रव्यं बाहेर सोडून त्यांच्याकडून हमाली करून घेतो हे नंतर उलगडलं. ‘ब-२’ हे जीवनसत्त्व त्याच घराण्यातलं.

जिओबॅक्टरची रीत निराळी आहे. तो केसासारखे लांब तंतू बाहेर काढतो आणि त्यांतून इलेक्ट्रॉन धाडतो. २००५ साली लवली यांच्या गटानं हे तंतू वीज वाहतात असं मांडलं तेव्हा खळबळ उडाली, कारण प्रथिनं म्हणजे विजेला रोधणारा पदार्थ अशीच समजूत होती. या तंतूच्या कथेत एक नाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल: निखिल मालवणकर. मुंबईच्या आयआयटीत भौतिकशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले, मॅसॅच्युसेट्समध्ये लवली यांच्या सहवासात या तंतूंची वाहकता मोजली आणि पुढे येल विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा उभारली. २०१९ साली त्यांच्या आणि एडवर्ड एगेलमन यांच्या गटांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतूतला अणू न् अणू पाहिला. तंतू कशाचा बनला आहे, या प्रश्नाचं उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं. तो ओएमसीएस नावाच्या प्रथिनाचा होता, प्रत्येक प्रथिनात सहा ‘हीम’ होते आणि ते सगळे हीम तंतूच्या पोटातून एका सलग रांगेत, एकमेकांना जवळजवळ टेकून बसले होते. इलेक्ट्रॉन एका हीमवरून पुढच्या हीमवर जातो.

हीम म्हणजे लोहाचा अणू मध्ये धरून बसलेली रासायनिक चकती. आपलं रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनातल्या अशाच हीममुळे. तिथं ते ऑक्सिजन वाहतं, इथं इलेक्ट्रॉन. वरव्याच्या बांधावर तवंगात दिसलेलं लोह, रोपाच्या मुळावरचं लोह, तंतूच्या गाभ्यातलं लोह आणि काडी धरलेल्या बोटांत फिरणारं लोह, हा एकच धातू चार कामांना जुंपलेला आहे, आणि हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. या तंतूची जाडी सुमारे ४ नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या वीसेक हजारावा भाग. २०२० साली येलच्या याच गटानं दुसऱ्या प्रथिनाचा तंतू शोधला, तो पहिल्याच्या हजारपट चांगला वाहक होता. २००५ साली मांडलेले ते मूळ तंतू खरोखर वीज वाहतात की फक्त हे नवे तंतू बाहेर ढकलण्याचं काम करतात, यावर लवली आणि मालवणकर यांच्या गटांचं आजही एकमत नाही.

आता खाचरात परत येऊ. तिथं जिवाणू आहेत, अन्नही आहे. पानांनी उन्हात बनवलेल्या साखरेचा काही भाग भात मुळांवाटे चिखलात सोडतो. तर मग खाचरात तारा घालून वीज का घेऊ नये? २००८ साली जपानच्या संशोधकांनी अगदी हेच केलं. लावणी केलेल्या खाचराच्या चिखलात कोळशाची चटई पुरली, दुसरी पाण्यावर ठेवली. ॲनोडच्या दर चौरस मीटरला जास्तीत जास्त ६ मिलिवॅट वीज मिळाली. दिवसा ऊन चढलं की वीज वाढायची, रात्री उतरायची. रोपांवर सावली केली की दिवसाची वाढ होईना. म्हणजे तारेतली वीज मुळात त्या दिवशीच्या उन्हाची होती, पान, मूळ आणि जिवाणू या तीन हातांतून आलेली.

हिशेब करून पाहू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. दर चौरस मीटरला ६ मिलिवॅट धरले तर गुंठ्याला ०.६ वॅट. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा लावायला १५ गुंठे खाचर तळापासून कोळशाच्या चटईनं मढवावं लागेल, आणि तेही सगळ्यात चांगल्या दिवसाचा आकडा कायम टिकला असं मानून. एक एकर इंद्रायणी भाताखाली असेल तर २४ वॅट. चिखलणीला ती चटई उकरून काढायची, लावणीआधी परत पुरायची. त्यापेक्षा घराच्या पत्र्यावर छोटा सौरफलक लावणं शेतकऱ्याला परवडेल. खाचरातली वीज दिवे लावण्यासाठी नाही, हे इथं सरळ सांगून टाकायला हवं. पाच-सहा वर्षांत गावं चिखलावर उजळतील अशा बातम्या अधूनमधून येतात आणि त्या वाचून कोणी पैसे घालू नयेत असं मला मनापासून वाटतं.

वीज कमी मिळण्याची कारणंही समजून घेण्यासारखी आहेत. कुजण्यातून निघालेल्या ॲसिटेटपासून हवेतल्या ऑक्सिजनपर्यंतची एकूण उतरण सुमारे १.१ व्होल्टची. त्यातला एक हिस्सा जिवाणू स्वतःच्या पोटापाण्यासाठी ठेवतो, तो त्याचा हक्कच आहे. बाकीचा कॅथोडपाशी बराच गळतो, कारण ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन घ्यायला भाग पाडणं अवघड काम आहे आणि त्यासाठीचं प्लॅटिनम कोणाला परवडत नाही. हाती राहतात ०.३ ते ०.५ व्होल्ट. टॉर्चमधले सेल आपण एकामागे एक घालून व्होल्टेज वाढवतो, तसं इथंही करता येईल असं वाटतं. पण एकाच खाचरात दोन घट मांडले तर दोघांचं पाणी एकच असतं आणि ते विजेचं वाहक असतं. वीज तारेऐवजी पाण्यातून आडवाटेनं निसटते आणि व्होल्टेजची बेरीज होत नाही. प्रत्येक घटाला आपलं वेगळं भांडं लागतं.

भांड्याचा विषय निघाला म्हणून खरगपूरच्या आयआयटीकडे वळतो. तिथं डॉ. मकरंद घांग्रेकर यांनी वर्षानुवर्षं सांडपाण्यावरच्या इंधनघटांचं काम केलं. ॲनोड आणि कॅथोड यांच्यामध्ये एक पडदा लागतो. त्यातून विद्युतभारित हायड्रोजनचे कण, म्हणजे प्रोटॉन, पलीकडे जायला हवेत, पण हवेतला ऑक्सिजन अलीकडे यायला नको, कारण तो आला की जिवाणू त्याच्यावरच श्वास घेऊ लागतील आणि तार रिकामी राहील. यासाठी प्रयोगशाळांत नॅफिऑन नावाचा परदेशी पडदा वापरतात, तो अतिशय महाग असतो. घांग्रेकर आणि त्यांच्या सहकारी मनस्विनी बेहेरा यांनी पडदा काढून टाकला आणि कुंभाराचं मडकं घेतलं. मडक्याच्या आत ॲनोड, बाहेरून कॅथोड, मडक्याची भिंत हाच पडदा. २०१० साली त्यांनी भात गिरणीचं सांडपाणी अशा मडक्यात आणि पडद्याच्या घटात घालून तुलना केली. दर घनमीटरला मडक्यानं सुमारे २.३ वॅट दिले, पडद्याच्या घटानं ०.५३. सांडपाण्यातली ९० टक्क्यांहून जास्त घाण दोन्हींत गेली.

आपल्या भाषेत विजेच्या सेलला घट म्हणतात आणि मडक्यालाही घट म्हणतात. इथं दोन्ही अर्थ एकाच वस्तूत आले. घटस्थापनेला आपण पत्रावळीवर किंवा टोपलीत माती पसरतो, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवतो आणि भोवती धान्य पेरतो. घटाच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरतं, माती ओली राहते आणि नऊ दिवसांत अंकूर वितभर होतात. भाजलेल्या मातीतल्या ज्या सूक्ष्म छिद्रांतून ते पाणी झिरपतं, खरगपूरच्या मडक्यात त्याच छिद्रांतल्या ओलाव्यातून भारित कण पलीकडे जातात. घट किती भाजायचा, भिंत किती जाड ठेवायची, मातीत काय मिसळायचं हे पुढचे संशोधनाचे विषय झाले, आणि ते कुंभाराला न विचारता सुटणारे नाहीत. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या इओआनिस इएरोपुलोस यांनीही भाजलेल्या मातीचेच घट वापरून लघवीवर चालणारे घट बनवले. २०१५ साली ग्लॅस्टनबरीच्या संगीत महोत्सवात त्यांच्या मुतारीतले दिवे तिथं येणाऱ्यांच्याच लघवीवर लागले.

सांडपाण्याचा हिशेब खाचरापेक्षा बरा निघतो. पाण्यातली घाण मोजायचं एक माप आहे, ती पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल. एक किलो ऑक्सिजन लागेल इतक्या घाणीतले सगळे इलेक्ट्रॉन तारेतून काढता आले, तर ०.३ व्होल्टला साधारण एक युनिट वीज होते. त्याच घाणीचा बायोगॅस केला, तर सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो आणि तो जनित्रात जाळला तर साधारण तितकीच, एक युनिट. म्हणजे इंधनघटाचा कमाल हिशेब आणि गोबरगॅसचा व्यवहारातला हिशेब बरोबरीत सुटतात, आणि गोबरगॅस तर आपल्याकडे केव्हाचा आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या गॅसवर दिवे लागले होते. पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेण हा जनावरानं आधीच पचवलेला माल आहे, सूक्ष्मजीवांना खरं अन्न द्या, असं म्हणून खरकटं आणि पिठूळ पदार्थांवरचं घरगुती बायोगॅस संयंत्र बनवलं. २००६ साली त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. ज्याच्या दारात दाट शेण किंवा हॉटेलचं खरकटं आहे त्यानं बायोगॅसच करावा, माझं मत याबाबत पक्कं आहे.

पण न्हाणीघराचं, मोरीचं, भांडी घासलेलं पाणी फार पातळ असतं. त्यात मिथेन नीट धरत नाही, आणि जो होतो त्यातला बराच पाण्यातच विरघळून निघून जातो. असं पाणी शहरांत हवा फुंकून साफ करतात आणि शुद्धीकरण केंद्राच्या विजेतला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा या फुंकण्यावर खर्च होतो. तिथं इंधनघटाचा फायदा आहे. घाणीतले इलेक्ट्रॉन तारेनं वर नेले की पाण्यात हवा फुंकावी लागत नाही. म्हणजे मिळालेल्या विजेपेक्षा न लागलेली वीज मोलाची. खरगपूरच्या गटानं ७२० लिटरचा असा संच शौचालयाच्या पाण्यावर चालवून दाखवला. मोठ्या टाक्यांपर्यंत जाणं मात्र अवघड आहे, कारण घट दुप्पट मोठा केला की वीज दुप्पट होत नाही आणि अंतर वाढलं की विरोध वाढतो.

आणि एक काम असं आहे, जिथं थोडीच वीज लागते आणि तीच पुरेशी असते. २००८ साली अमेरिकेच्या नौदल प्रयोगशाळेनं पोटोमॅक नदीच्या तळातल्या गाळात असे घट पुरून वर तरंगणारं हवामान केंद्र चालवलं. त्याला जेमतेम १८ मिलिवॅट लागत होते. हवेचं तापमान, दाब, आर्द्रता आणि पाण्याचं तापमान ते रेडिओनं कळवत राहिलं. जिओबॅक्टर जिच्या गाळातून सापडला तीच ही नदी. कोरियात किम यांच्या गटानं याहून साधा उपयोग केला. सांडपाण्यात घाण वाढली की जिवाणूंना जास्त खाऊ मिळतो आणि तारेत जास्त वीज येते, म्हणजे वीज हेच घाणीचं माप. नेहमीच्या पद्धतीनं पाण्यातल्या घाणीचं बीओडी हे माप काढायला पाच दिवस लागतात. घटाला तेवढं थांबावं लागत नाही. त्यांचा एक घट पाच वर्षांहून जास्त काळ चालला.

मला या सगळ्यात हा उपयोग सर्वांत जवळचा वाटतो. या महामार्गालगत घरं, हॉटेलं, कारखाने वाढताहेत आणि त्या सगळ्यांचं पाणी उताराला लागून शेवटी ओढ्यातच जाणार. पाच दिवसांनी आलेला अहवाल वाचून ओढ्यात काल रात्री काय सोडलं गेलं ते कळत नाही. काठाच्या गाळात पुरलेली एक मातीची कुंडी आणि तिच्यातून निघालेली एक तार दर तासाचा आकडा देऊ शकेल. जो जिवाणू तिथं हजारो वर्षांपासून आहे त्याच्याकडूनच ती बातमी घ्यायची.

हे घरी करून पाहता येतं, पण एका चुकीपासून जपा. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात मातीत तांब्याचा आणि जस्ताचा खिळा खोचून ‘चिखलाची वीज’ दाखवतात. तिथं जस्त झिजतं आणि वीज त्याची असते. चिखल निर्जंतुक केला तरी दिवा लागेल. जिवाणूंची वीज हवी असेल तर दोन्ही तुकडे कार्बनचे हवेत. ग्राफाइटचं नमद्यासारखं कापड मिळालं तर उत्तम. टॉर्चच्या जुन्या सेलमधली काळी कांडीही चालते, पण तिला चिकटलेली काळी पूड मँगनीजची असते आणि ती खोटं व्होल्टेज दाखवते, म्हणून कांडी पॉलिश पेपरनं घासून, धुऊन, दोन दिवस पाण्यात ठेवून मगच घ्या. तांब्याची तार चिखलाला कुठंही उघडी लागता कामा नये. जोडावर एपॉक्सी लावा.

बादलीत खाचरातला चाळलेला चिखल भरा, एक कांडी तळाशी पुरा, दुसरी वरच्या चार बोटं पाण्यात अर्धी बुडेल अशी ठेवा. दोन्हींच्या तारांमध्ये १००० ओहमचा रोध जोडा आणि त्याच्या टोकांना मल्टिमीटर लावून रोज सकाळी व संध्याकाळी आकडा लिहा. पहिले काही दिवस आकडा कुठंच जात नाही. चिखलातला ऑक्सिजन संपायला, जिवाणूंना कांडीवर वस्ती करायला वेळ लागतो. मग तो चढू लागतो. कांडी लहान, त्यामुळे वीजही थोडीच, पण दिशा स्पष्ट दिसते. शेजारी तशाच मांडणीची दुसरी बादली ठेवा, तिच्यातला चिखल आधी चुलीवर तासभर उकळून गार केलेला. पहिल्या पंधरवड्यात दोन्हींच्या आकड्यांत पडणारा फरक हा खरा प्रयोग.

तिसऱ्या बादलीत भाताचे चार-पाच चूड लावा आणि ती अंगणात ठेवा. महिन्याभरात मुळं कांडीपर्यंत पोचली की दुपारचा आणि पहाटेचा आकडा वेगळा येऊ लागतो का ते पाहा. एखाद्या भर दुपारी तिच्यावर गोणपाट टाका आणि तासा-तासानं मीटर वाचत बसा. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालू असतो, म्हणून नोंदवहीत आकड्याशेजारी ढग होते की ऊन, तेही लिहावं लागेल.